छत उचलणाऱ्या यंत्रणेची देखभाल : अमेरिकेतील घडीच्या कॅम्पर ट्रेलरच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादी वस्तू कोणी शोधली, पेटंट कोणाच्या नावावर नोंदले गेले, उत्पादन कोणत्या साली सुरू झाले, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या वस्तूचा इतिहास पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. वस्तू वापरात आल्यानंतर ती कोण सांभाळतो, मोडल्यावर कोण दुरुस्त करतो आणि तिची निर्मिती थांबल्यानंतर ती किती वर्षे टिकते, हे प्रश्न मात्र इतिहासलेखनाच्या परिघाबाहेर राहतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रथेवर आक्षेप घेतला आणि वापर व देखभाल यांना इतिहासाच्या केंद्रस्थानी आणण्याचा आग्रह धरला. पुढे २०१६ पासून अँड्र्यू रसेल व ली विन्सेल या अमेरिकी अभ्यासकांनी हाच विचार अधिक विस्ताराने मांडला.

प्रस्तुत लेखात हा दृष्टिकोन एका अगदी लहान यंत्रणेला लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेत 'पॉप-अप' या नावाने ओळखला जाणारा घडीचा कॅम्पर ट्रेलर मोटारीमागे ओढताना बुटक्या पेटीसारखा दिसतो. मुक्कामी पोहोचल्यावर त्याचे छत वर उचलले जाते, दोन्ही टोकांकडून झोपण्याच्या फळ्या बाहेर सरकविल्या जातात आणि छत व पेटी यांमधील मोकळी जागा कापडी भिंतींनी बंद होते. या सर्व क्रियेचा प्राण म्हणजे छत उचलणारी यंत्रणा होय. या यंत्रणेने तंबू उभारण्याचे कष्ट संपविले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हे कष्ट संपले नाहीत, मुक्कामाच्या जागेवरून ते देखभालीच्या दिवसाकडे सरकले आणि त्यांच्याबरोबर सुरक्षिततेची जबाबदारीही कारखान्याकडून मालकाकडे आली, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तंबूपासून पक्क्या छताकडे

१९०८ साली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आली आणि पुढील दोन दशकांत अमेरिकेतील मध्यमवर्ग स्वतःच्या मोटारीने प्रवासास निघू लागला. रस्त्यालगत, माळावर, नदीकाठी तंबू ठोकून राहण्याची प्रथा याच काळात रूढ झाली. वॉरेन बेलास्को यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या मोटार-मुक्कामापासून मोटेलपर्यंतचा प्रवास रेखाटला आहे. आरंभी तंबू मोटारीलाच बांधला जाई. त्यानंतर तंबू व बिछाना वाहून नेणारे छोटे ट्रेलर आले. त्यांची झाकणे दोन्ही बाजूंना उघडून त्यांचेच पलंग होत आणि वर काठ्यांच्या आधाराने कापड ताणले जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रवासाला नवी गती मिळाली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य रस्त्यांचा आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान सेवेने 'मिशन ६६' हा दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. उद्यानांतील रस्ते, मुक्कामाच्या जागा व पाहुण्यांच्या सोयी वाढविणे हा त्याचा हेतू होता. मिशिगन राज्यातील लॅपीर येथील व्हेसेली कंपनीचे 'अपाची' ट्रेलर याच काळात लोकप्रिय झाले. तथापि कापडी छताच्या ट्रेलरमध्ये तंबूचे मूळ दोष शिल्लक होते. पावसात काठ्या व दोऱ्या जुळविणे त्रासाचे असे, वाऱ्यात कापड फडफडे आणि घडी घालताना ओले राहिलेले कापड कुजे.

यावर पक्के छत हा स्वाभाविक उपाय होता. परंतु पक्के छत म्हणजे एका माणसाला सहज न पेलणारे वजन. शिवाय ते केवळ उचलून भागत नाही, त्याचे चारही कोपरे एकाच गतीने वर जावे लागतात. एक कोपरा पुढे गेला तर छत तिरके होते, एकात एक सरकणाऱ्या खांबांच्या नळ्या अडकतात आणि ताण उरलेल्या तीन कोपऱ्यांवर येतो. घडीच्या ट्रेलरमागील खरा यांत्रिक प्रश्न वजनाइतकाच समतोलाचाही होता. हा प्रश्न सोडविण्याच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात छत उचलणारी यंत्रणा आकारास आली.

या टप्प्यावर लॉइड बॉन्ट्रेगर यांचे नाव येते. इंडियाना राज्यातील गोशेन येथील स्टारक्राफ्ट या कंपनीत काम केल्यानंतर त्यांनी १९६८ साली मिडलबरी येथे आपल्या शेतावरील इमारतींतच जेको ही कंपनी सुरू केली. छत उचलण्याची त्यांची यंत्रणा हेच नव्या उद्योगाचे मुख्य भांडवल होते. दुसरीकडे, कंदील व स्टोव्ह यांसाठी घरोघरी परिचित असलेली कॅन्सस राज्यातील विचिटा येथील कोलमन कंपनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या क्षेत्रात उतरली आणि पेनसिल्व्हेनियातील सॉमरसेट येथे तिचे ट्रेलर तयार होऊ लागले. इतिहासाच्या रूढ मांडणीनुसार कथा येथे संपते. देखभालीच्या दृष्टीने पाहिल्यास ती येथे सुरू होते.

यंत्रणेची रचना

देखभालीचा विचार करण्यापूर्वी यंत्रणेची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. उत्पादक अनेक असले तरी प्रमुख रचना दोन तत्त्वांवर उभ्या आहेत.

पहिल्या प्रकारात ट्रेलरच्या पुढील बाजूस हाताने फिरविण्याचा विंच असतो. विहिरीवरील रहाटाप्रमाणे हँडल फिरविले की पोलादी तारांचा दोर त्यावर गुंडाळला जातो. हा मुख्य दोर तळाखालून जाऊन एका आडव्या जोडाला ओढतो आणि त्या जोडापासून चार दोर कप्प्यांवरून वळून चार कोपऱ्यांकडे जातात. गोशेन येथील कारखान्यात तयार होणाऱ्या यंत्रणेत हे दोर लांब स्प्रिंगांना मार्गिकेतून ढकलतात. स्प्रिंग वाकून खांबात शिरते आणि खांबाच्या नळ्या एकीतून एक वर चढतात. अन्य काही रचनांत दोर खांबातील कप्प्यांवरूनच जातो.

दुसऱ्या प्रकारात, विशेषतः कोलमनच्या ट्रेलरमध्ये, मुख्य दोराच्या जागी आट्यांचा लांब दांडा असतो. हँडल फिरविले की दांड्यावरील जोड पुढे सरकतो आणि नळ्यांमधून गेलेल्या चार लवचिक स्प्रिंगांना एकाच वेळी रेटतो. पहिल्या प्रकारात मुख्य काम ओढण्याचे, तर दुसऱ्यात रेटण्याचे आहे. हा फरक देखभालीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ओढणारा दोर झिजतो व तुटतो, तर रेटणारी स्प्रिंग गंजते व अडकते.

पहिल्या प्रकारातील आडव्या जोडाला 'व्हिफलट्री' असे म्हणतात. हा शब्द मुळात घोडागाडीचा आहे. दोन घोड्यांची ओढ सारखी वाटून घेणारा जो आडवा दांडा गाडी व घोड्यांचे साज यांच्यामध्ये असतो, त्याचे हे नाव. ज्या एल्कहार्ट परगण्यात हा उद्योग केंद्रित झाला, तेथे व शेजारच्या लाग्रेंज परगण्यात आमिश समाजाची मोठी वस्ती आहे. हा समाज स्वतः मोटार बाळगत नाही, घोडागाडी वापरतो, आणि त्यातील अनेक पुरुष ट्रेलरच्या कारखान्यांत काम करतात. हे नाव आमिश कामगारांनीच दिले असे म्हणण्यास आधार नाही, कारण हा शब्द इंग्रजीत यंत्रशास्त्रातही रूढ आहे. परंतु घोडागाडीतील दांडा अनेकांची ओढ एका ठिकाणी आणतो, तर ट्रेलरमधील जोड एकाची ओढ चार ठिकाणी वाटतो, हे त्याच भूमीत शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

देखभाल-पुस्तिका : एक ऐतिहासिक साधन

ट्रेलरबरोबर मिळणारी देखभाल-पुस्तिका इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच वाचली जाते. पेटंट वस्तूच्या जन्माची नोंद करते, पुस्तिका तिच्या आयुष्याची अपेक्षा नोंदविते. अशा पुस्तिकांमधील व दुरुस्तीच्या व्यवहारातील सूचनांचे पुढीलप्रमाणे विश्लेषण करता येईल.

पहिली सूचना वंगणाची. खांबांच्या सरकत्या नळ्या, कप्प्यांचे आस, विंचचे दाते आणि आट्यांचा दांडा यांना ठरावीक काळाने वंगण द्यावे लागते. मात्र सर्वत्र एकच वंगण चालत नाही. उघड्या खांबांवर दाट ग्रीस लावल्यास रस्त्यावरील धूळ त्यास चिकटते आणि वंगणाचाच लेप कानसेसारखा घासू लागतो. त्यामुळे तेथे सिलिकॉनसारखे कोरडे वंगण फवारण्याचा सल्ला दिला जातो. झाकलेल्या दात्यांना मात्र ग्रीसच लागते.

दुसरी सूचना अधिक सूक्ष्म आहे. बहुतेक हातविंचमध्ये आपोआप लागणारा ब्रेक असतो. छत वर नेताना दातेरी चाकावर खटका टक-टक असा वाजत राहतो. हँडल सोडले तर छताचेच वजन चाकाला घर्षण चकतीवर दाबते आणि छत जागच्या जागी थांबते. उतरविताना हँडल उलटे फिरवून हा दाब हळूहळू सैल करावा लागतो. थोडक्यात, छताला खाली खेचणारे वजनच त्याला धरून ठेवण्याच्या कामी येते. या रचनेचे यश चकत्या कोरड्या राहण्यावर अवलंबून असते. जो मालक आस्थेने संपूर्ण विंचला तेल पाजतो, तो दात्यांचे भले करतो आणि ब्रेकचा नाश करतो. तेलकट चकती घसरते, हँडल हातातून सुटून वेगाने उलटे फिरते आणि छत खाली येते. देखभाल हे केवळ कष्टाचे काम नसून ज्ञानाचे काम आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी सूचना तपासणीची. दोरातील एखादी बारीक तार तुटून बाहेर आली, दोर एका ठिकाणी चपटा झाला किंवा त्यावर गंज दिसला, तर तो बदलावा असे सांगितले जाते. छत एका कोपऱ्यात मागे राहत असेल तर त्या कोपऱ्याचा दोर ताणला गेला आहे, कप्पी अडकली आहे किंवा खांब कोरडा पडला आहे असे समजावे. अनेक रचनांत दोराच्या टोकाशी नट असतो, तो फिरवून कोपरा पुन्हा पातळीवर आणता येतो. परंतु कप्पी अडकलेली असताना केवळ नट आवळला तर दोष झाकला जातो, दूर होत नाही.

चौथी सूचना मर्यादेची. छत पूर्ण उंचीवर पोहोचल्यावर हँडल आणखी फिरवू नये, कारण तेथून पुढे प्रत्येक फेरा दोर तोडण्याकडे नेतो. छतावर सामान, साचलेले पाणी किंवा बर्फ असताना ते उचलू नये. मागाहून बसविलेले वातानुकूलन यंत्र हेही वजनच असते आणि यंत्रणा ते पेलण्यास समर्थ आहे की नाही हे आधी पाहावे लागते.

या संदर्भात हाताच्या भूमिकेकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. हाताने हँडल फिरविणाऱ्याला यंत्रणेचा विरोध जाणवतो. नेहमीपेक्षा जड गेले, मध्येच अडखळले, खटक्याचा आवाज बदलला, हे सर्व त्याला तात्काळ कळते. पुढे अनेकांनी हँडलच्या जागी विजेचे ड्रिल लावण्यास सुरुवात केली, काही नमुन्यांत विजेचे विंचही आले. कष्ट कमी झाले, परंतु ड्रिल अडकलेल्या कप्पीविरुद्धही तितक्याच निर्विकारपणे फिरत राहते. हात येथे शक्तीचे साधन होता तसा मोजमापाचेही साधन होता. पहिले काम यंत्राकडे देताना दुसरे काम कोणाकडे दिले जाणार, याचा विचार सहसा झाला नाही.

जबाबदारीचे स्थलांतर

वरील सूचनांचा एकत्रित विचार केल्यास जबाबदारीच्या वाटणीचे एक चित्र उभे राहते. तंबूच्या काळात धोका उघड्यावर होता. काठी वाकली, दोरी सैल झाली, तर ती डोळ्यांना दिसे, आणि तंबू कोसळला तरी अंगावर बहुतांशी कापड येई. पक्क्या छताच्या ट्रेलरमध्ये मुख्य दोर तळाखाली, स्प्रिंग नळीत आणि कप्पी खांबाच्या आत असते. सुबकपणासाठी व धूळ-पाण्यापासून बचावासाठी केलेली ही झाकपाक समर्थनीय आहे. परंतु त्यामुळे ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे तोच भाग त्याच्या दृष्टीआड जातो. शिवाय प्रवासात चाकांनी उडविलेले पाणी व हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ सर्वाधिक पोहोचते ते तळाखालील भागांपर्यंतच.

छत उचलले जात असताना कोणीही आत शिरू नये किंवा छताखाली हात घालू नये, आणि दुरुस्तीपूर्वी छताला स्वतंत्र टेकू द्यावा, ही सूचना सार्वत्रिक आहे. तिचा अर्थ असा की निर्माता स्वतःच आपल्या दोरावर पूर्ण विश्वास ठेवू नका असे सांगत आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा होय. सामाजिक दृष्टीने पाहता मात्र एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते : सूचना छापली गेली की अपघाताचा दोष सूचना न पाळणाऱ्याकडे जातो. जो भाग पाहता येत नाही तो वेळोवेळी तपासावा, असे ज्याला सांगितले जाते त्या मालकापाशी त्यासाठी लागणारे कौशल्य व अवजारे असतीलच असे नाही. ट्रेलर विकत घेणारा वर्ग बहुधा मोठे वाहन न परवडणारा, लहान मुले असलेला व वर्षातील मोजकेच दिवस प्रवास करणारा होता. वर्षातील दहा-बारा दिवसांच्या वापरासाठी उरलेले साडेतीनशे दिवस उभ्या राहणाऱ्या या वस्तूला गंज चढे तो मुख्यतः या निष्क्रिय काळातच. या प्रकारे, वापर कमी म्हणून देखभाल कमी, हा सर्वसामान्य समज येथे खोटा ठरतो.

निर्माते गेल्यानंतर

देखभालीच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रसंग निर्माता नाहीसा होतो तेव्हा येतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेतील प्रवासी वाहनांचा धंदा कोसळला व अनेक छोटे कारखाने बंद पडले. कोलमनचा घडीच्या ट्रेलरचा विभाग १९८९ साली फ्लीटवुड कंपनीने घेतला. २००८ साली तो पुन्हा विकला गेला, २००९ मध्ये फ्लीटवुडने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०११ मध्ये सॉमरसेट येथील ट्रेलरचे उत्पादन थांबले. जेको ही कंपनी २०१६ साली थॉर या मोठ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली.

कारखाने बंद झाले, परंतु ट्रेलर बंद झाले नाहीत. वीस-तीस वर्षांपूर्वीचे ट्रेलर आजही हातोहात विकले जातात. त्यांचे दोर, कप्प्या व स्प्रिंगा मिळविण्यासाठी मालकांना जुन्या सुट्या भागांचे व्यापारी, छोटी दुरुस्ती-दुकाने व स्वतःची कल्पकता यांवर अवलंबून राहावे लागते. येथे दोन रचनांमधील फरक पुन्हा पुढे येतो. सर्वसाधारण पोलादी दोर व कप्पी बाजारात कोठेही मिळू शकते. मात्र एकाच कंपनीच्या मापाने घडविलेला जोड किंवा खास लांबीची स्प्रिंग ती कंपनी बंद पडल्यावर दुर्मीळ होते. दोन रचना विक्रीच्या दिवशी सारख्याच उत्तम असतील, परंतु तीस वर्षांनंतर त्यांतील कोणती टिकेल हे सुट्या भागांच्या सर्वसामान्यतेवर ठरते. वस्तूच्या गुणवत्तेचा हा निकष शोधकेंद्री इतिहासात आढळत नाही, कारण तो इतिहास विक्रीच्या दिवशीच थांबलेला असतो.

दुरुस्तीचे ज्ञान जपणाऱ्यांचीही नोंद येथे घेणे आवश्यक आहे. कोणत्या नळीतून स्प्रिंग कशी बाहेर काढावी, नवा दोर ओवताना जुन्या दोराच्याच टोकाला तो कसा बांधून घ्यावा, यांसारख्या युक्त्या कारखान्याच्या कागदपत्रांत क्वचितच सापडतात. त्या मालकांनी व कारागिरांनी परस्परांना सांगून जिवंत ठेवल्या आहेत. पेटंटधारकाचे नाव इतिहासात राहते, या ज्ञानाला मात्र कर्ता नसतो. म्हणूनच ते टिपून ठेवणे हे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. छत उचलणाऱ्या यंत्रणेने एका माणसाला चार माणसांचे काम करण्याचे सामर्थ्य दिले, हे खरे आहे. परंतु त्या सामर्थ्याची किंमत वार्षिक तपासणी, योग्य वंगण व वेळेवर बदललेला दोर या रूपाने सतत चुकवावी लागते. ही किंमत खरेदीच्या पावतीवर लिहिलेली नसते. दुसरे असे की, सुरक्षिततेचा भार मालकावर टाकणारी रचना त्याला तपासणीची सोयही देते काय, हा प्रश्न यंत्ररचनेच्या मूल्यमापनात अग्रक्रमाने विचारला पाहिजे. तिसरे, वस्तूचे आयुष्य तिच्या शोधकापेक्षा तिच्या सुट्या भागांवर व ते बसवू शकणाऱ्या हातांवर अधिक अवलंबून असते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असेही नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात घडीच्या व तंबूच्या ट्रेलरांचाही समावेश आहे. अशी वाहने सह्याद्रीच्या पावसात व कोकणच्या खाऱ्या हवेत उभी राहतील तेव्हा त्यांच्या तळाखालील दोरांना गंज चढण्यास फारसा वेळ लागणार नाही. त्यांची परवानगी, कर व वाहनतळ यांचा विचार होतो, तसाच त्यांच्या तपासणीचा व ती करू शकणाऱ्या कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही विचार व्हावा. अमेरिकेतील अर्धशतकाचा अनुभव या बाबतीत उपलब्ध आहे. मात्र तो शोधांच्या इतिहासात सापडणार नाही. त्यासाठी देखभाल-पुस्तिकांची पाने चाळावी लागतील आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल.